२५ अक्षरं गायब, पण गुन्हेगार शेजारचाच! आजाराचा कोड वाचणारे पोस्टडॉक नेमकं करतात तरी काय?

फोनची स्टोरेज फुल झाली की आपण काय करतो? आधी व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो उडवतो, मग लग्नाचे व्हिडिओ, आणि शेवटी रडत रडत एखादा गेम. आता कल्पना करा, तुमच्या १२८ जीबीच्या फोनमध्ये फक्त एका माणसाचा डीएनए ठेवायचा आहे. मशीनमधून निघालेला कच्चा डेटा कॉम्प्रेस करून ठेवला तरी १०० जीबीच्या आसपास जातो. म्हणजे एका माणसातच फोन फुल!

आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते लोक अशा हजारो, कधी कधी लाखो माणसांचा डेटा घेऊन बसलेले असतात. त्यांच्या कामाचं नाव जरा लांबलचक आहे: कॉम्प्युटेशनल डिसीज जीनोमिक्समधला पोस्टडॉक. नावाला घाबरू नका. जीनोम म्हणजे आपल्या पेशीतला सगळा डीएनए. डिसीज म्हणजे आजार. आणि कॉम्प्युटेशनल म्हणजे हे काम परीक्षानळी हातात धरून नाही, तर कीबोर्डवर करायचं. यातले बरेच जण वर्षभरात एकदाही पांढरा कोट घालत नाहीत.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झाल्यानंतरची नोकरी. हा माणूस विद्यार्थी राहिलेला नसतो आणि प्राध्यापक झालेला नसतो. एका प्राध्यापकाच्या लॅबमध्ये एक, दोन किंवा तीन वर्षांच्या करारावर काम करायचं, पेपर लिहायचे आणि करार संपायच्या आत पुढची जागा शोधायची. नावापुढे 'डॉक्टर' लागतं, पण औषध देता येत नाही. गावी गेल्यावर "अगं डॉक्टर झालीस ना, मग माझ्या गुडघ्याचं बघ की जरा" हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

४० लाख फरक, दोषी कोणता?

समजा, आपल्या ओळखीची एक मुलगी अमेरिकेत बॉस्टनच्या एका लॅबमध्ये पोस्टडॉक आहे. नाव कशाला, आपण तिला ताई म्हणू. बॉस्टनच का? कारण बॉस्टन आणि नदीपलीकडचं केंब्रिज हा या कामाचा मोठा अड्डा आहे. ब्रॉड इन्स्टिट्यूट तिथे, हार्वर्ड तिथे, मोठमोठी हॉस्पिटलं तिथे.

ताईकडे एका कुटुंबाचा डेटा आला आहे. विशीतला मुलगा खेळता खेळता मैदानात कोसळला. वाचला. तपासणीत कळलं की त्याच्या हृदयाचा स्नायू गरजेपेक्षा जाड झालाय. या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. साधारण ५०० माणसांत एकाला असतो, आणि तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंमागे जी कारणं सापडतात त्यातलं हे एक मुख्य कारण. हा आजार अनेकदा घराण्यात चालत येतो. त्यामुळे घरच्यांचा प्रश्न एकच: याच्या धाकट्या बहिणीलाही हे होणार का?

उत्तर डीएनएत असायला हवं. मानवी जीनोममध्ये ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांत लिहिलेली सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. तुमचा जीनोम जगाच्या ठरावीक नमुना प्रतीशी ताडून पाहिला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. माझाही निघतो, तुमच्या शेजाऱ्याचाही निघतो. यातले जवळपास सगळे फरक निरुपद्रवी असतात. त्या मुलाच्या ४०-५० लाख फरकांतला एखादाच त्याचं हृदय बिघडवतोय. कोणता, ते ताईने सांगायचं.

टीव्हीवर दाखवतात तसा स्क्रीनवर डीएनएचा गोल जिना फिरतो आणि लाल दिवा लागून 'मॅच फाउंड' येतं, असं काही नसतं. असते ती काळी टर्मिनल विंडो.

आधी तुकडे जोडायचे

डीएनए वाचणारं सर्वात प्रचलित मशीन एका दमात पूर्ण पुस्तक वाचत नाही. ते साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचतं. पुस्तकाच्या तीसेक प्रती श्रेडरमध्ये घातल्या, सगळे कपटे एकत्र केले आणि म्हटलं की आता छापील प्रत समोर ठेवून प्रत्येक कपटा कुठला ते शोधा, तर कसं होईल? तसंच. कपटे जागेवर बसले की मग बघायचं, छापील प्रतीत 'ए' आहे आणि इथे तीसपैकी पंधरा कपट्यांवर 'जी' दिसतंय. म्हणजे आईकडून एक अक्षर आलं आणि वडिलांकडून दुसरं. पण तीसपैकी दोनच कपट्यांवर 'जी' असेल तर? बहुधा मशीनची चूक. आणि तीसपैकी आठ असतील तर? इथे डोकं खाजवावं लागतं.

गंमत म्हणजे या डोकं खाजवण्यातही आता तुमच्या फोनमधलंच तंत्र आलंय. गॅलरीत 'मांजर' टाइप केलं की मांजराचे फोटो येतात ना? गूगलने २०१८ मध्ये डीपव्हेरियंट नावाच्या टूलचा पेपर छापला. त्याची कल्पना अशी की जागेवर बसलेल्या कपट्यांचं एक चित्र बनवायचं आणि फोटो ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कला विचारायचं, इथे खरा फरक दिसतोय की नाही? ते चक्क चांगलं चाललं.

हे सगळं ताईच्या लॅपटॉपवर होत नाही. विद्यापीठाचा मोठा क्लस्टर असतो, किंवा क्लाउड. तिथे जॉब टाकायचा आणि रांगेत थांबायचं. तात्कालच्या वेटिंग लिस्टची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे जड जात नाही म्हणा! रात्री जॉब लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं तर पहाटे दोन वाजता मेमरी संपली म्हणून सगळं बंद पडलेलं. मेमरी वाढवा, पुन्हा रांगेत या. या नोकरीतले खूप तास असे जातात, आणि त्याबद्दल पेपरमध्ये कधीच काही लिहिलेलं नसतं.

'दुर्मीळ आजाराचं कारण सगळ्यांकडे असू शकत नाही'

आता ४०-५० लाखांतून एक कसा गाठायचा? पहिली चाळणी एकदम साध्या तर्काची आहे. आजार ५०० त एकाला होतो. मग एखादा फरक जर दर २० माणसांत एकाकडे असेल, तर तो एकटा या आजाराचं कारण असणं कठीण. नाहीतर आजारीच किती पडले असते! म्हणून जो फरक निरोगी लोकांत सर्रास दिसतो, तो यादीतून काढून टाकायचा.

पण सर्रास आहे की दुर्मीळ, हे कळायला आधी खूप लोकांचे जीनोम हवेत. त्यासाठी ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या नेतृत्वाखाली नोमॅड नावाचा डेटाबेस उभा राहिला. २०२३ च्या आवृत्तीत ८,०७,१६२ लोकांचा डेटा आहे. जगभरातले डॉक्टर आणि लॅब रोज तो उघडतात. सर्च केलं की कोणता फरक किती लोकांत सापडला ते दिसतं.

ही चाळणी चुकली तर काय होतं त्याचा एक धडा हार्वर्डच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये छापला. याच हृदयाच्या आजाराचे काही जुने रिपोर्ट त्यांनी पुन्हा तपासले. आफ्रिकी वंशाच्या अनेक अमेरिकन रुग्णांना 'तुमच्या जनुकात आजाराचं कारण सापडलं' असं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात ते फरक निरुपद्रवी होते आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांत चांगलेच सर्रास होते. मग ते 'दुर्मीळ' का वाटले? कारण मूळ अभ्यासांत तुलनेसाठी जे निरोगी लोक घेतले, त्यांत कृष्णवर्णीय लोक नव्हते किंवा अगदी मोजके होते. थोडेसे जरी घेतले असते, तरी यातल्या बऱ्याच चुका टळल्या असत्या, हेही त्यांनी हिशोब करून दाखवलं.

आता हा रिपोर्ट घेऊन घरी गेलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्या निरोगी मुलाकडेही तोच फरक निघाला, तर त्या मुलाचा खेळ बंद, दरवर्षी हृदयाची तपासणी आणि डोक्यावर कायमची टांगती तलवार. आणि उलटी बाजू त्याहून वाईट. दुसऱ्या मुलीकडे तो फरक नाही, म्हणून तिला सांगायचं की तू सुरक्षित आहेस, पुन्हा येऊ नकोस. खरं कारण भलतंच असेल आणि ते तिच्यात असेल, तर?

आपल्याकडची २५ अक्षरं

हे वाचून वाटेल की ही अमेरिकेतली भानगड, आपला काय संबंध? तर आता ऐका.

एमवायबीपीसी३ नावाचं एक जनुक आहे. हृदयाच्या स्नायूतलं एक महत्त्वाचं प्रथिन ते बनवतं. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर जेनेटिक्समध्ये एक पेपर छापला. या जनुकातली सलग २५ अक्षरं काही लोकांत गायबच असतात आणि हे भारतीय उपखंडात साधारण १०० त चौघांमध्ये दिसतं, असं त्यांना आढळलं. ज्यांच्यात ती गायब, त्यांना हृदयस्नायूच्या आजाराचा धोका सुमारे सातपट. हिशोब केला तर दक्षिण आशियात असे लोक काही कोटी होतात! बातमी जगभर गाजली. युरोपीय लोकांत हा फरक जवळपास नाहीच, त्यामुळे तिकडच्या डेटात तो सापडलाही नसता. आपल्या लोकांचा अभ्यास आपल्याच लोकांनी केला म्हणूनच तो हाती लागला.

पण एक खटकणारी गोष्ट होती. मघाचा तर्क आठवा. आजार ५०० त एकाला आणि फरक १०० त चौघांना. म्हणजे ज्यांच्याकडे हा फरक आहे त्यातले बहुतेक जण आयुष्यभर ठणठणीत राहतात. मग काहींनाच का होतं?

याचा मोठा उलगडा २०२० मध्ये छापून आला. आजारी लोकांच्या दोन मोठ्या गटांतला, एकूण ५,३९३ जणांचा डेटा पुन्हा चाळला गेला. तेव्हा दिसलं की २५ अक्षरं गायब असलेल्या लोकांत एक छोटासा उपगट आहे. त्यांच्या डीएनएच्या त्याच तुकड्यावर, त्याच जनुकात थोडं दूर, आणखी एक अक्षर बदललेलं आहे: 'जी' च्या जागी 'ए'. अभ्यासकांचं म्हणणं असं की धोका जो वाढलेला दिसत होता तो या एका अक्षरामुळे. २५ अक्षरांचा गायब तुकडा फक्त त्याच्या सोबत प्रवास करत होता.

समजायला सोपं उदाहरण देतो. चोरी झाली आणि पोलिसांनी टॉवर लोकेशन काढलं. चोराचा फोन बंद होता. पण त्याच एसटीत बसलेल्या एका भल्या माणसाचा फोन चालू होता. प्रत्येक चोरीच्या वेळी याचंच लोकेशन जवळपास दिसतंय, मग संशय कोणावर जाणार? डीएनएमध्ये हे नेहमी होतं, कारण तो आईवडिलांकडून सुट्या अक्षरांत येत नाही, लांब लांब तुकड्यांत येतो. एका तुकड्यावरची अक्षरं पिढ्यानपिढ्या एकाच एसटीतून प्रवास करतात.

आता या चोराचा फोन बंद का होता ते बघा, मला या गोष्टीतला हाच भाग सर्वात भारी वाटतो. जनुकाचा जो भाग प्रथिन बनवायला थेट वापरला जातो त्याला एक्झॉन म्हणतात, आणि मधल्या, नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागाला इंट्रॉन. खर्च वाचवायला बहुतेक टेस्टमध्ये एक्झॉन आणि त्याच्या कडेची काही अक्षरंच वाचतात. हे बदललेलं अक्षर इंट्रॉनमध्ये आहे, एक्झॉनच्या टोकापासून ५२ अक्षरं आत. म्हणजे नेहमीच्या टेस्टमध्ये ती जागा साधारणपणे तपासलीच जात नव्हती. त्या अभ्यासातल्या रुग्णांपैकी मात्र सुमारे १ टक्का लोकांत ते सापडलं.

भला माणूस आणि चोर वेगळे कसे केले? अशी माणसं शोधून ज्यांच्यात २५ अक्षरं गायब आहेत, पण ते दुसरं अक्षर बदललेलं नाही. आजारी लोकांत अशी किती आणि निरोगी लोकांत किती, हे मोजून. त्यासाठी दक्षिण आशियाई लोकांचा डेटा भरपूर हवा, त्याशिवाय हे गणित सुटत नाही. आणि नोमॅडच्या त्या ८ लाख लोकांत दक्षिण आशियाई किती? साधारण ४५ हजार. दर १०० त सहासुद्धा नाहीत, आणि जगातला जवळपास दर चौथा माणूस दक्षिण आशियात राहतो.

एआय सांगेल ना पटकन?

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. गूगल डीपमाइंडने २०२३ मध्ये अल्फामिसेन्स आणलं. प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारे जेवढे एकअक्षरी बदल शक्य आहेत, असे ७ कोटी १० लाख, त्या सगळ्यांना त्याने आधीच गुण देऊन ठेवलेत. त्यातल्या ८९ टक्क्यांना 'बहुधा घातक' किंवा 'बहुधा निरुपद्रवी' असं लेबलही लावलंय. ताईसारखे लोक ते वापरतात आणि त्याचा फायदा होतो, यात वाद नाही.

पण वरचं अक्षर इंट्रॉनमधलं होतं. ते अमिनो आम्ल थेट बदलतच नाही, म्हणजे अल्फामिसेन्सच्या यादीत ते येतच नाही. शिवाय रिपोर्ट लिहिण्याचे नियम आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय संघटनांनी ठरवलेल्या पद्धतीत कॉम्प्युटरचा अंदाज हा अनेक पुराव्यांपैकी एक, तोही दुय्यम पुरावा मानला जातो. कुटुंबात कोणाकोणात सापडला, निरोगी लोकांत किती, प्रयोगशाळेत पेशीवर काय परिणाम दिसला, हे सगळं जमवून फरकाला पाचपैकी एका खणात टाकायचं: घातक, बहुधा घातक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी.

यातला मधला खण म्हणजे डोकेदुखी. 'फरक सापडला, पण अर्थ अनिश्चित' असा रिपोर्ट हातात आला की घरचे म्हणतात, अहो मग टेस्ट केली कशाला? ज्या समाजांचा डेटा कमी, त्यांच्या रिपोर्टमध्ये हा मधला खण जास्त भरतो. ताईचं खरं काम म्हटलं तर हेच, मधल्या खणातून एकेक फरक पुराव्यानिशी इकडे किंवा तिकडे सरकवणं. तीन वर्षांच्या करारात एखाद्या जनुकाचे पाच-पन्नास फरक सरकले, तरी कुठेतरी एखाद्या धाकट्या बहिणीला स्पष्ट उत्तर मिळतं.

एक्सेलने पळवलेली जनुकं

थोडं हलकं बोलू. एकेकाळी सेप्ट१ आणि मार्च१ अशी जनुकांची नावं होती. इंग्रजीत ती एक्सेलमध्ये टाइप केली की एक्सेल म्हणायचं, अरे वा, तारीख! आणि १ सप्टेंबर, १ मार्च करून टाकायचं. २०१६ च्या एका पाहणीत दिसलं की ज्या जीनोमिक्स पेपरांसोबत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडल्या होत्या, त्यातल्या सुमारे एक पंचमांश पेपरांत अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली! सेप्टचं सेप्टिन झालं, मार्चचं मार्चएफ. मायक्रोसॉफ्टने ही आपोआप बदलण्याची सोय बंद करण्याचं बटण दिलं ते २०२३ मध्ये.

अशा फालतू वाटणाऱ्या चुका पकडण्यातच पोस्टडॉकचा निम्मा जीव जातो. नमुना प्रतीची एक आवृत्ती २००९ ची आहे, दुसरी २०१३ ची. दोन्हींत त्याच अक्षराचा क्रमांक वेगळा. नगरपालिकेने गल्लीतले घर नंबर बदलले आणि पोस्टमन जुनीच यादी घेऊन फिरतोय, असं समजा. दोन फाइल्स वेगवेगळ्या आवृत्तीच्या असल्या की निकाल छान चकचकीत येतो आणि पूर्ण चुकीचा असतो. म्हणून कागदावर 'पुरुष' लिहिलेल्या नमुन्यात वाय गुणसूत्र आहे ना, भाऊ-बहीण म्हणून दिलेले दोन नमुने खरंच भाऊ-बहिणीचे आहेत ना, हे सगळं आधी तपासायचं. एखादा निकाल फारच सुंदर दिसला की अनुभवी पोस्टडॉक आनंदी होत नाही, घाबरतो.

पगार, करार आणि पुढचं काय

अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्था एनआयएच फेलोशिपचे दर ठरवते आणि बहुतेक विद्यापीठं त्याच्या आसपास देतात. २०२४ मध्ये नव्या पोस्टडॉकसाठी हा आकडा वर्षाला ६१,००८ डॉलर होता. रुपयांत गुणाकार केला की डोळे मोठे होतात, पण बॉस्टनचं घरभाडं दिलं की पुन्हा लहान होतात. हेच पायथन, हेच स्टॅटिस्टिक्स येणारा माणूस औषध कंपनीत गेला तर जास्त कमावतो, म्हणून बरेच जण जातातही. त्यात दोष द्यावा असं मला वाटत नाही. तिशी ओलांडलेली, व्हिसा कराराला बांधलेला, करार प्राध्यापकाच्या ग्रँटला बांधलेला, आणि प्राध्यापकाच्या जागा मोजक्याच. हे माहीत करूनच उडी मारलेली बरी.

भारतात या पातळीला साधारण रिसर्च असोसिएट म्हणतात. केंद्र सरकारच्या २०२३ पासूनच्या दरांनुसार सुरुवातीला महिन्याला ५८ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. काम भरपूर आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात देशातल्या २० संस्थांनी मिळून सुमारे १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले. जानेवारी २०२५ मध्ये हा डेटा संशोधकांसाठी खुला करण्याची घोषणा झाली. तो फरीदाबादच्या सरकारी डेटा केंद्रात ठेवलाय. आपल्याकडे शतकानुशतकं जातीत, पोटजातीत लग्नं होत आल्यामुळे एखादा फरक एका समाजात भरपूर आणि शेजारच्या समाजात शून्य, असं दिसतं. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांच्यात एक फरक इतका जास्त आढळतो की भूल देताना वापरलं जाणारं एक स्नायू शिथिल करणारं औषध काहींच्या शरीरात लवकर उतरत नाही. त्यामुळे 'भारतीय' असा एकच सरसकट रकाना करून भागत नाही. महाराष्ट्रात खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरच्या जीनोमवर काम चालतं, आणि पुण्याच्या आयसरमध्ये संशोधनासाठी परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे.

यात यायचं तर बायोलॉजीतूनही येता येतं आणि इंजिनिअरिंगमधूनही. बायोलॉजीवाल्याने लिनक्स, पायथन किंवा आर आणि मुख्य म्हणजे संख्याशास्त्र शिकायचं. इंजिनिअरने पेशी काय करते ते मनापासून शिकायचं. 'नुसता डेटा आहे' म्हणणारे इंजिनिअर वरच्यासारख्या इंट्रॉनमध्ये पडतात. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स टाकून लिनक्सच्या कमांड शिकता येतात आणि गूगल कोलॅबवर फुकट पायथन चालतं. १००० जीनोम्स प्रकल्पाचा डेटा सगळ्यांना खुला आहे, फक्त पूर्ण फाइल मोबाईल डेटावर डाउनलोड करायला जाऊ नका. रोजचा दीड जीबी पहिल्या मिनिटात संपेल.

आणि हो, तुमच्या घरात कोणाच्या जेनेटिक रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असं लिहिलं असेल, तर तो कागद फेकू नका आणि त्यावरून घाबरून निर्णयही घेऊ नका. एक-दोन वर्षांनी जेनेटिक काउन्सेलरला तोच रिपोर्ट दाखवून विचारा की हा फरक आता कोणत्या खणात आहे. डेटा वाढला की खण बदलतो.

नोमॅडची वेबसाइट फोनवरही उघडते. लॉगिन नाही, पैसे नाहीत. सर्चमध्ये इंग्रजीत एमवायबीपीसी३ टाका, फरकांची लांबच लांब यादी येईल. कोणत्याही एकावर टॅप करा आणि खाली स्क्रोल करून गटांचा तक्ता बघा. त्यात दक्षिण आशियाई नावाची एक ओळ असते. तिच्यातला आकडा आणि युरोपीय ओळीतला आकडा एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.